वास्तूची नोंद, संगणक आणि ‘इतर’ नावाचा रकाना

आपल्या मंडळाच्या सभागृहात रंगमंचामागे जी लांबट खोली आहे, ती मंजूर नकाशात ‘भांडार’ म्हणून दाखविलेली आहे. प्रत्यक्षात तीत भांडार असे फारसे कधी राहिलेच नाही. आरंभीची काही वर्षे तेथे नाटकांच्या तालमी झाल्या; पुढे ग्रंथालयाची कपाटे आली; मग मुलांचा मराठीचा वर्ग भरू लागला; आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याच खोलीतून गरजूंना शिधा वाटला गेला. गणेशोत्सवाचे दहा दिवस ती रंगपट असते, संक्रांतीला तीत हळदीकुंकू होते. नकाशात मात्र ती आजही भांडारच आहे.

स्मरणिका-समितीने लेखाविषयी विचारणा केली तेव्हा ह्या खोलीची आठवण झाली, ह्याला कारण आहे. प्रस्तुत लेखक अभियंता नव्हे, वास्तुविशारदही नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेला, आणि तीस-बत्तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत इमारतींच्या कागदपत्रांशी गाठ पडलेला एक अधिकारी, एवढीच त्याची योग्यता. इमारती बांधणारे निराळे, त्यांत राहणारे निराळे. आमच्याकडे त्यांची नोंद तेवढी असते. ह्या नोंदीच्या कुतूहलातूनच वास्तुरचनेत संगणक कसा आला, ह्याचा इतिहास मी गेली काही वर्षे वाचीत आहे. तो इतिहास बहुतेक ठिकाणी चित्रांचा म्हणून सांगितला जातो: पूर्वी हाताने नकाशे काढीत, आता यंत्र काढते. माझ्या मते खरा इतिहास त्या चित्रांच्या पाठीमागे असलेल्या माहितीचा आहे. ती आधीच आखलेल्या रकान्यांत बसवावी की तिला स्वतःचा आकार घेऊ द्यावा, ह्या प्रश्नाशी चांगली चांगली माणसे साठ वर्षे झगडत आली आहेत.

प्रथम घरचाच अनुभव सांगतो. मी नोकरीत नवा होतो, १९९३-९४ च्या सुमारास, तेव्हाची गोष्ट. ज्या कार्यालयात मी होतो त्याच्या ताब्यात सरकारी निवासस्थानांची एक जुनी वसाहत होती. तिच्या नोंदी जाडजूड रजिस्टरांतून संगणकावर घ्याव्यात असे ठरले. नमुना वरून आला: घराचा क्रमांक, प्रकार, खोल्या, क्षेत्रफळ, बांधल्याचे वर्ष, छत पक्के की कच्चे, आणि सर्वांत शेवटी ‘इतर’. जुन्या रजिस्टरांच्या समासात मात्र पिढ्यानपिढ्यांच्या ओव्हरसियरांनी नाना गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. कोठे मागील व्हरांडा विटांनी बंद केलेला, कोठे न्हाणीघराचे पाणी शेजारच्या चरात सोडलेले, कोठे छत लोखंडी गर्डरांवर विटांच्या कमानी टाकून केलेले. ‘इतर’ ह्या रकान्यात वीस अक्षरे मावत. आम्ही दोघा-तिघा नवशिक्यांनी काय सुचेल ते वीस अक्षरांत कोंबले, आणि जेथे कोंबता येईना तेथे रकाना कोरा ठेवला. काम वेळेत पूर्ण झाल्याबद्दल शाबासकीही मिळाली. रजिस्टरे माळ्यावर गेली आणि तेथे वाळवीने त्यांचा समाचार घेतला.

तीन-चार वर्षांनी भर पावसाळ्यात एका घराच्या स्वयंपाकघराचे छत खाली आले. गर्डर गंजून कमानीच्या विटा सुटल्या होत्या. घरातील बाई पाणी भरायला अंगणात गेली होती म्हणून वाचली. दुसऱ्याच दिवशी वरून विचारणा आली: अशा प्रकारचे छत असलेली घरे एकूण किती, व कोणती? संगणकाला विचारले, तर त्याच्या लेखी सगळीच छते ‘पक्की’! अखेर निवृत्तीला टेकलेल्या एका मिस्त्रीला बोलावले. त्याने दोन दिवस मला सायकलवरून वसाहतभर हिंडविले आणि घर पाहताच, आत न शिरता, ‘हे कमानीचे’, ‘हे स्लॅबचे’ असे सांगत गेला. एक्केचाळीस घरे निघाली. ती यादी मी घाईने टंकलिखित केली. परंतु संगणकात ती कोठे घालावी हा प्रश्न उरलाच, कारण त्यासाठी रकाना नव्हता. तीही ‘इतर’मध्ये गेली. मिस्त्री त्याच वर्षी निवृत्त झाला. चूक कोणा एकाची नव्हती. नमुना करणाऱ्याला भाडे आकारावयाचे होते; भाड्यासाठी ‘पक्के’ एवढे पुरेसे होते. छत कोसळेल तेव्हा काय विचारले जाईल, हे त्याला कोठून ठाऊक असणार?

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या बांधणीत ह्या प्रश्नाचे एक उत्तर होते, असे मला वाटते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. ‘पाच खणी, दुमजली, पुढे ओसरी, मागे पडवी, मधे चौक’ एवढे सांगितले की सुताराला आणि गवंड्याला जवळजवळ सगळे घर कळे. तुळई केवढी, कडीपाट कसा, माजघर कोठे, देवघर कोणत्या अंगाला, हे त्या शब्दांमागून आपोआप येई. गंमत अशी की खण हे काही फुटांत ठरलेले माप नव्हते. लाकूड जसे मिळे तसा खण रुंद वा अरुंद होई. शब्द एक, नियम ठाऊक, आणि माप मोकळे. गावाकडचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर खणाचाच विचार, पण कारखान्याच्या पद्धतीने, सुरू झाला. शाळा, घरे, रुग्णालये हजारोंनी हवी होती आणि कसबी कामगार तर हाताशी नव्हते. तेव्हा ठरावीक मापांचे खांब, तुळ्या, भिंतींचे तक्ते कारखान्यात बनवून जागेवर जोडावेत अशा पद्धती निघाल्या. त्यांतील क्लास्प ही १९५७ साली काही स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली पद्धती विशेष नावाजली गेली. १९६० साली मिलानच्या प्रदर्शनात तिच्या शाळेला पारितोषिकही मिळाले. घटकांची यादी मर्यादित, जोडण्याचे नियम लेखी. अशा वास्तूची माहिती यंत्राला देणे सोपे होते. संगणक आणि वास्तुरचना ह्यांची पहिली खरी सोयरीक जुळली ती येथे.

यंत्राकडूनही तयारी होत होती. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत आयव्हन सदरलँड ह्या तरुणाने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ ह्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा काढाव्यात आणि यंत्राने त्या समजून घ्याव्यात, अशी ती करामत होती. ‘समजून घ्याव्यात’ हे महत्त्वाचे. कागदावरील रेघेला आपण कोणाशी समांतर आहोत हे ठाऊक नसते. सदरलँडच्या रेघेला ते ठाऊक असे. एखादी आकृती मूळ म्हणून ठेवून तिच्या शेकडो प्रती चित्रात वापरता येत, आणि मूळ बदलले की सर्व प्रती आपोआप बदलत. पुलाच्या कैचीचे चित्र काढून तिच्यावर भार टाकला तर कोणत्या सांध्यात किती ताण येतो तेही पाहता येई. चित्र आणि माहिती ही येथे प्रथमच एकजीव झाली.

ह्याच काळात आपल्या देशाशी संबंध असलेली एक घटना घडली. क्रिस्टोफर अलेक्झांडर हे गणित व वास्तुशास्त्र दोन्ही शिकलेले विद्वान गुजरातेतील बावरा नावाच्या खेड्यात राहून गेले होते. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजांची यादी दिली आहे. मृतांची नीट विल्हेवाट, घराचे दार दक्षिणेस नसणे, काही झाडे व पाणी पवित्र मानली जाणे, अशा गोष्टी तीत आहेत. पहिलीच नोंद अस्पृश्यतेची आहे, हे वाचताना मान खाली जाते. कोणती गरज कोणत्या गरजेशी जुळते वा भांडते हे ठरवून त्यांनी ते सारे खेडे गणिताने चार मोठ्या आणि बारा लहान गटांत विभागले. झाडाला फांद्या फुटाव्यात तशी ती विभागणी होती.

परंतु पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, ह्याच अलेक्झांडरांनी शहर हे झाडासारखे नसते असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला. फांदीवरील पान एकाच फांदीचे असते. माणसांच्या वस्तीतील प्रत्येक गोष्ट मात्र एकाच वेळी अनेक गटांत असते. पार हा झाडाखालचा चौथरा, तोच गावाची बैठक, तोच एस. टी. ची वाट पाहण्याची जागा; त्याला एका फांदीवर टांगले की उरलेली नाती तुटली. स्वतःच्या पद्धतीतील उणीव इतक्या लवकर ओळखून ती प्रसिद्ध करण्यास मोठे मन लागते. सरकारी नोकरीत असा योग मी क्वचितच पाहिला आहे, माझ्या स्वतःच्या बाबतीतही.

आता मुख्य कथेकडे येतो. ती स्कॉटलंडमधील आहे. स्कॉटिश स्पेशल हाउसिंग असोसिएशन ही १९३७ साली स्थापन झालेली सरकारी गृहनिर्माण संस्था. सामान्य भाडेकरूंसाठी घरे बांधणे हे तिचे काम. १९७० च्या सुमारास एडिंबरो विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागातील आर्ट बाइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या संस्थेसाठी घरांचे आराखडे करण्याची एक संगणक-प्रणाली रचावयास घेतली. जोडीला भूखंडावर घरांची मांडणी करण्याचीही एक प्रणाली केली. संस्थेची घरे ठरावीक पद्धतीने बांधली जात. ती पद्धत प्रणालीत भरलेली असल्यामुळे वास्तुविशारदाने घराचा आराखडा दिला की बाकीचे तपशील व सामानाची मोजणी यंत्र करू शके. वाड्याच्या सुतारासारखेच हे झाले: मोजके सांगावे, उरलेले त्याने जाणावे. आणि हे काम केवळ प्रयोगशाळेतील नव्हते. रोजच्या व्यवहारासाठी होते.

इंग्लंडात ऑक्सफर्डच्या विभागीय आरोग्य प्राधिकरणासाठी असेच काम चालले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनातून १९६९ साली निघालेल्या अप्लाइड रिसर्च ऑफ केंब्रिज ह्या मंडळींनी ‘ऑक्सिस’ नावाची प्रणाली केली. प्राधिकरणाची रुग्णालये ‘ऑक्सफर्ड पद्धती’च्या घटकांची असत, तो प्रत्येक घटक ऑक्सिसला ठाऊक असे आणि तो कोठे बसतो, कोठे बसत नाही, हेही. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन ह्यांनी रेखाचित्रांऐवजी संगणकच वापरावा असा विचार वास्तुविशारदांच्या मासिकातून मांडला. त्यांचे म्हणणे साधे होते. एकच भिंत आपण तळमजल्याच्या नकाशात काढतो, छेदात काढतो, दर्शनी चित्रात काढतो, आणि परिमाणपत्रकात मोजतो. एकीकडे बदल केला की तिन्हीकडे करावा लागतो, आणि कोठेतरी राहून जातो. त्यापेक्षा भिंतीची नोंद एकदाच ठेवावी आणि लागेल ते चित्र तीतून काढावे. मापन-पुस्तिका आणि नकाशा ह्यांचा मेळ घालताना ज्याचे डोळे दुखले आहेत, त्याला ह्या कल्पनेतील सुख निराळे सांगावे लागत नाही.

मग हे सारे थांबले कोठे? यंत्रे महाग व संथ होती, हे एक कारण. दुसरे कारण यंत्राबाहेरचे होते. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनान पॉइंट ह्या तयार तक्त्यांच्या बावीस मजली इमारतीचा एक कोपरा वायूच्या स्फोटाने पत्त्यांच्या बंगल्यासारखा ढासळला. चार माणसे गेली आणि अशा बांधणीवरील लोकांचा विश्वास डळमळला. १९७३ च्या तेलसंकटाने खर्च वाढला. १९७६ साली ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी जावे लागले व सार्वजनिक खर्चाला मोठी कात्री लागली. नवी घरे बांधण्यापेक्षा जुनी दुरुस्त करावीत असे वारे वाहू लागले. त्याच १९७६ साली ग्लासगोच्या पूर्वभागाच्या पुनरुज्जीवनाची मोठी योजना निघाली, आणि तीत ही स्कॉटिश संस्थाही सहभागी होती.

क्षणभर त्या वास्तुविशारदाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. हाताशी एक कसलेली प्रणाली आहे. तिला संस्थेचे नवे घर तोंडपाठ आहे. समोर मात्र जुनी दगडी चाळ उभी आहे. तिच्या भिंती ओळंब्यात नाहीत, तिच्या खोल्यांना शंभर वर्षांत चार वेळा पडद्या घातल्या आहेत. तेव्हा प्रणालीने तिची नोंद कशी घ्यावी? तिचे सगळे सामर्थ्य ज्यात होते तोच तिचा दोष ठरला. बांधकामाच्या रीतीविषयी आणि वास्तुविशारदाच्या काम करण्याच्या पद्धतीविषयी जे गृहीत धरले होते, ते कार्यक्रमाच्या ओळी-ओळीत विणले गेले होते. रीत बदलली की रकाना बदलून भागत नव्हते. विणलेले सारे उसवावे लागे. आणि ते उसवणे वापरणाऱ्याच्या हाती नव्हते. त्यासाठी प्रणाली रचणारालाच बोलवावे लागे.

बाइल व त्यांच्या सहकाऱ्यांचा मला आदर वाटतो तो ह्यापुढील गोष्टीमुळे. १९७९ साली ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात त्यांनी हा दोष स्वतःच उघड केला. अधिक मोठी, अधिक हुशार प्रणाली द्या, असे मागणे त्यांना सहज करता आले असते. त्याऐवजी त्यांनी विचारले की प्रणालीने वास्तूविषयी आधीच काही जाणावेच कशाला? काय नोंदवावे, त्याला काय म्हणावे, हे वापरणाऱ्याने ठरवावे. यंत्राने फक्त ती नोंद सांभाळावी आणि तीतून तर्काने जे निघते ते सांगावे. ‘लवचीक माहिती-प्रणाली’ ह्या शब्दांमागील कल्पना ही.

अशा कल्पनेला अनुकूल हवाही तेव्हा एडिंबरोत होती. त्यापूर्वीच्या मोठ्या माहितीसाठ्यांची रचना झाडासारखी असे. वरून खाली एकाच वाटेने उतरावयाचे. १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड ह्यांनी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांचे परस्परसंबंध प्रश्न विचारण्याच्या वेळी जुळवावेत असे सुचविले होते. म्हणजे कोणता प्रश्न येणार हे आधी ठाऊक असण्याची गरज बरीच कमी झाली. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे जन्मलेली प्रोलॉग ही भाषा. तीत यंत्राला आज्ञा द्यावयाच्या नसतात. वस्तुस्थिती व नियम सांगावयाचे असतात आणि निष्कर्ष यंत्र काढते. तिच्या मागील तर्कविचाराचा एक आधारस्तंभ, रॉबर्ट कोवाल्स्की, एडिंबरोचेच. १९८० नंतर सी-प्रोलॉग नावाची तिची जी आवृत्ती जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली, ती फर्नांडो परेरा ह्यांनी एडिंबरोच्या वास्तुशास्त्र विभागात राहून सिद्ध केली होती! तर्कशास्त्राच्या भाषेला आसरा मिळाला तो घरे बांधावयास शिकविणाऱ्या विभागात; हे वाचून मला विलक्षण आनंद झाला.

ह्या पायावर बाइल व पीटर शालापाय ह्यांनी ‘मोल’ नावाची प्रणाली रचली. तिला भिंत म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, दार म्हणजे काय हेही नव्हते. वापरणाऱ्याने वस्तूला नाव द्यावे, तिचे भाग सांगावेत, भागांचे गुण सांगावेत. उद्या नवा गुण सुचला तर तो जोडावा. आमच्या ओव्हरसियरांचा समासच जणू. आमच्या रजिस्टरात ‘छत विटांच्या कमानीचे’ हे लिहिण्यास कोणाची परवानगी लागली नव्हती. ते फक्त शोधून काढता येत नव्हते, एवढेच; मोलमध्ये ते शोधताही आले असते.

तरीही मोल प्रयोगशाळेबाहेर पडली नाही. इतिहासात असे का होते ह्याचा विचार करताना माझ्यातील इतिहासाचा विद्यार्थी आणि सरकारी अधिकारी ह्यांचे पटत नाही. विद्यार्थी म्हणतो, केवढी उदार कल्पना! अधिकारी विचारतो की एकाने ‘ओसरी’ लिहिले, दुसऱ्याने ‘व्हरांडा’, तिसऱ्याने ‘पुढची पडवी’, तर वर्षअखेर मी बेरीज कशाची करू? ठेकेदार, वीजतंत्री, लेखापरीक्षक ह्या सर्वांनी एकाच इमारतीविषयी बोलावयाचे तर काही शब्द आधी ठरलेले लागतात. रकाना हा निव्वळ जुलूम नाही. तो अनोळखी माणसांमधील करारही आहे. खणाचा शब्द चालला, कारण सुतार आणि यजमान एकाच गावचे होते.

बाजाराने तर हा वादच बाजूला सारला. ऑक्सिसच्या कर्त्यांनी पुढे अधिक सर्वसाधारण प्रणाली काढली, आणि त्यानंतर जीडीएस ही मुख्यतः आरेखनाची. ती चांगली खपली, आणि १९८५ साली मॅकडॉनेल डग्लस ह्या विमाने बनविणाऱ्या कंपनीने ती संस्थाच विकत घेतली. १९८२ साली अमेरिकेत ऑटोकॅड आले. लहान संगणकावर चालणारे, स्वस्त, आणि इमारतीविषयी कसलीही समजूत नसलेले! त्याला रेघ तेवढी कळे. वास्तुविशारदांनी ते उचलून धरले, कारण ते कोणाच्याही पद्धतीत लुडबूड करीत नव्हते. सदरलँडच्या रेघेला जे कळत होते तेही ह्या रेघेला फारसे कळत नव्हते, पण लवचीकपणा हवा असलेल्या माणसाला ही मुकी रेघ पुरली. हंगेरीतील गाबोर बोयार व त्यांच्या सोबत्यांनी १९८४ पासून पुढे ज्या प्रणालीचे आर्चिकॅड केले, तीत मात्र ईस्टमनांची ‘एकच नोंद’ टिकून राहिली. पुढे १९९७ साली स्थापन झालेल्या एका कंपनीने रेव्हिट ही प्रणाली काढली, २००२ मध्ये ऑटोकॅडच्याच मालकांनी ती विकत घेतली, आणि ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणजे बीआयएम हे नाव सर्वतोमुखी झाले. ब्रिटिश सरकारने २०१६ पासून आपल्या मध्यवर्ती कामांना ही पद्धत आवश्यक केली. नागपूर मेट्रोच्या कामात वेळ व खर्च जोडलेली तिची पाच-मितींची आवृत्ती वापरली गेली; आणि पुण्या-मुंबईच्या कित्येक कचेऱ्यांत परदेशी इमारतींची प्रतिमाने बनविण्याचे काम आज चालते. आपल्या सभासदांपैकी काहींची मुले त्यांत असतील.

निरनिराळ्या प्रणालींनी एकमेकींशी बोलावे म्हणून १९९० नंतर अनेक देशांच्या संस्थांनी मिळून आयएफसी नावाची एक समाईक परिभाषा घडविली. २०१३ साली तिला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. भिंत, स्तंभ, तुळई, लादी, दार, खिडकी, प्रत्येकाला तीत ठरलेले नाव आणि जागा आहे. म्हणजे अधिकाऱ्याची बाजू जिंकली म्हणावयाचे. पण रचणारांना आपल्या यादीची मर्यादा ठाऊक होती. म्हणून आपल्या मनाने गुण जोडण्याची सोय त्यांनी ठेवली, आणि ज्या वस्तूला यादीत जागाच नाही तिच्यासाठी ‘प्रॉक्सी’ म्हणजे बदली घटक असा एक वर्ग केला. जुन्या वास्तूंची नोंद करणारे त्यात काय काय टाकतात, हे वाचले तेव्हा मला हसू आवरले नाही. घुमटाची कड, कोरीव हात, कमानीचे दगड, सारे तेथे. सदरलँड, अलेक्झांडर, ईस्टमन, बाइल अशा थोरांच्या साठ वर्षांच्या खटाटोपानंतर जगाच्या अधिकृत परिभाषेतही ‘इतर’ हा रकाना आहेच. फक्त त्याची अक्षरमर्यादा गेली. स्कॉटलंडची ती गृहनिर्माण संस्था १९८९ साली दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, आणि ईस्टमन २०२० साली वारले. मात्र अखेरपर्यंत ते ह्याच विषयावर लिहीत होते.

आपल्या सभागृहाच्या डागडुजीसाठी गेल्या महिन्यात संगणकावरून परवानगीचा अर्ज भरावा लागला. रंगमंचामागील खोलीच्या वापरासाठी तीत ठरावीक नावांची यादी आहे. निवास, कार्यालय, दुकान, भांडार. तालीम, ग्रंथालय, मराठीचा वर्ग आणि हळदीकुंकू एकत्र असे तीत नाही. कार्यकारिणीत बरीच चर्चा होऊन चिटणिसांनी ‘इतर’ निवडले आहे. तपशिलासाठी पन्नास अक्षरांची जागा आहे, आणि तो मजकूर तयार करण्याचे काम, ह्या विषयातील जाणकार म्हणून, मजकडे आले आहे.